आठ ते नऊ, सगळे मिळून



आमच्या घरी टीव्हीसमोर बसणारी माणसं सात. सासूबाई ८६ वर्षांच्या, त्यांना आम्ही सगळेच बाई म्हणतो. आमचे हे, मी, मुलगा, सूनबाई, नववीतली नात आणि चौथीतला नातू. या सातही जणांना एका खोलीत बसून, मध्येच कोणी उठून न जाता, कोणाला मान खाली न घालावी लागता बघता येईल असं काही शोधणं हे काम माझ्याकडे आलं ते २०२४ च्या दिवाळीनंतर. बी.कॉम.ला असताना ताळेबंद जुळला नाही की आम्ही मुली रात्ररात्र बसायचो. पण तिथे निदान फरक किती रुपयांचा आहे ते तरी दिसायचं. इथे तेही दिसत नाही.

झालं असं होतं की बाई रात्री बैठकीत येईनाशा झाल्या. साडेआठची एक मालिका लागायची, नाव घेत नाही. त्यात एके रात्री घरातल्या म्हातारीला जिन्यावरून ढकललं. तेही तीन वेळा दाखवलं, ढोल बडवून. बाईंनी काठी घेतली आणि "मले झोप आली" म्हणून उठल्या. घड्याळात आठ चाळीस झाले होते. दुसऱ्या दिवशी त्या आल्याच नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी आत डोकावले तर अंधारात डोळे उघडे ठेवून पडलेल्या. विचारलं तर म्हणाल्या, "काहून वो, मालिकेतली म्हातारी माणसं पायऱ्यांवरूनच काहून पडतात?" मला हसू आलं आणि लगेच घशात काहीतरी अडकलं. त्यांचा कमरेचा हाड मोडल्याचा अनुभव ताजा होता, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं असं नाही, पण मालिका बंद करायचं कोणी बोललं नव्हतं.

बाई उठल्या की घर कसं विस्कटतं ते तुम्हाला सांगायला नको. त्या नाहीत म्हटल्यावर नात कानात तारा घालून आपल्या खोलीत, मुलगा मोबाइल घेऊन गच्चीवर, नातू आईच्या फोनवर. हे दुकानाच्या हिशेबात. महिनाभरात बैठकीत मी आणि सूनबाई दोघीच उरलो, आणि आम्हा दोघींनाही ती मालिका मनापासून आवडत नव्हती.

आपल्या घरांची संध्याकाळ इतरांहून वेगळी असते, हेही लक्षात घ्या. चौविहार असल्यामुळे दिवाळीच्या दिवसांत साडेपाचला सूर्य मावळायच्या आत आमची पानं उचललेली असतात. जूनमध्ये पावणेसातपर्यंत सवड मिळते एवढंच. शेजारपाजारी ताटं मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसतात, त्यांची निम्मी नजर वरणात असते. आमचं तसं नाही. स्वयंपाकघर आवरून झालेलं, बाईंचं प्रतिक्रमण आटोपलेलं, पोरांचा अभ्यास झालेला, आणि आठ वाजता समोर रिकामा तास. रिकाम्या तासात जे समोर येतं ते पूर्ण लक्ष देऊन बघितलं जातं. म्हणून ते काय आहे याची मला जास्त काळजी.

मी गोंदियाहून लग्न होऊन अर्जुनीला आले तेव्हा या घरात टीव्ही नव्हता. तेव्हा सगळ्यांनी मिळून पाहायची गोष्ट म्हणजे नाटक. धान निघालं की दिवाळीनंतर मंडई भरायची आणि रात्री नाटक. वडशाच्या मंडळांचे फलक अजूनही रस्त्यांवर दिसतात. आपली झाडीपट्टी रंगभूमी एवढी मोठी आहे की गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. शहरातल्या लोकांना ते ऐकून नवल वाटलं, आपल्याला नाही. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटे संपायचं. एका सतरंजीवर आजी, सुना, अंगावरचं लेकरू, सगळे. मध्ये नाचगाणं असायचं, विनोदी पात्राची जीभ सुटायची, आणि तेवढ्यापुरते आमचे मामंजी बाहेर हवा खायला जायचे. परत आले की बरोबर पुढच्या प्रवेशाला. त्यांना कसं कळायचं कोण जाणे.

टीव्ही आला १९८७ मध्ये, रामायणासाठीच. काळा-पांढरा, बांबूवर अँटेना, वारा आला की पडद्यावर मुंग्या. २५ जानेवारी १९८७ ला रामानंद सागर यांची मालिका सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ३१ जुलैपर्यंत चालली. दर रविवारी सकाळी साडेनऊला आमच्या बैठकीत गल्लीतली तीसेक माणसं. त्यांतली निम्मी हात जोडून.

पण आमच्या घरात त्या रामायणाला एक पुरवणी असायची. विमलसूरींच्या 'पउमचरियं'पासून आपल्याकडे जी रामकथा चालत आली, तिच्यात रावणाला राम मारत नाही, लक्ष्मण मारतो. राम बलदेव, लक्ष्मण वासुदेव, रावण प्रतिवासुदेव. रामाच्या हातून हिंसा होत नाही आणि तो शेवटी दीक्षा घेऊन मोक्षाला जातो. रावणवधाचा भाग झाल्यावर माणसं पांगली आणि बाईंनी माझ्या मुलाला जवळ घेऊन हे सगळं सांगितलं. तो तीन वर्षांचा, त्याला काय कळणार, पण आम्ही सगळे ऐकत बसलो. मामंजींनी मध्येच दुरुस्ती केली, बाईंनी ती मानली नाही, आणि त्या रविवारी स्वयंपाकाला उशीर झाला. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत दूरदर्शनने तेच रामायण पुन्हा लावलं, २८ तारखेपासून रोज सकाळी नऊ आणि रात्री नऊ. तेव्हा नात लहान होती. बाईंनी तिला तीच गोष्ट त्याच शब्दांत सांगितली. तिने विचारलं, "मग खरं कोणतं?" बाई म्हणाल्या, "तू मोठी झाली की दोन्ही वाच." मला वाटतं, एकत्र पाहण्यासारखा कार्यक्रम कोणता याचं माझं माप तेव्हाच ठरलं. जे पाहून झाल्यावर घरात बोलणं सुरू होतं ते चांगलं. ज्यानंतर सगळे गप्प होऊन आपापल्या खोलीत जातात ते नको.

मधली वर्षं पटकन सांगते. महाभारत झालं. 'सुरभि' आम्ही एकही चुकवलं नाही, सिद्धार्थ काक आणि आपली रेणुका शहाणे. मग केबल आली. १९९९ मध्ये अल्फा मराठीवर 'आभाळमाया' लागली तेव्हा विदर्भातल्या आमच्यासारख्या घरांना पहिल्यांदा मराठी मालिका रोजच्या जेवणासारखी मिळाली. २००० नंतर हिंदीतल्या सासू-सुना आल्या, मराठीत त्यांच्या चुलत बहिणी आल्या, आणि त्या अजून गेलेल्या नाहीत.

माझं आणि मुलाचं इथेच पटत नाही. त्याच्या मते घरात न चालणारं म्हणजे अंगप्रदर्शन आणि शिव्या. ते नसलं की झालं, कार्यक्रम स्वच्छ. मला हे मान्य नाही. अंगभर साडी, डोक्यावर पदर, कपाळाला मोठं कुंकू, आणि ती बाई दुधात काय कालवते आहे? कोणाचा गर्भ पडावा म्हणून पायरीवर तेल ओतते आहे! एकही शिवी नाही, पण अर्धा तास मनात दुसऱ्याचं वाईट चिंतणं. आपल्यात द्रव्यहिंसा आणि भावहिंसा असे दोन शब्द आहेत. मुंगी चुकून पायाखाली गेली आणि मुंगीला चिरडायचं मनात आणलं, यांत दोष कुठे जास्त हे आपण लहानपणापासून व्याख्यानात ऐकतो. मग बैठकीत बसून रोज अर्धा तास दुसऱ्याच्या मनातली भावहिंसा पाहायची आणि वर म्हणायचं की मालिका संस्कारी आहे, हे कसं?

सूनबाईचं म्हणणं तर माझ्याहून नेमकं होतं. ती बोलत नाही फारशी. एकदा भाजी निवडताना म्हणाली, "मम्मी, त्या मालिकेत सून ओरडली की मला तुमच्याकडे बघवत नाही, आणि सासू ओरडली की तुम्ही माझ्याकडे बघत नाही." किती खरं! चौदा वर्षं आम्ही एका घरात आहोत, एकमेकींशी कधी आवाज चढवून बोललो नाही, आणि टीव्हीतल्या दोन परक्या बायांमुळे आम्ही शेजारी बसून अवघडतो.

तर ती मालिका बंद झाली. मुख्य म्हणजे बैठकीत बंद झाली, कोणाला फोनवर बघायची तर बघा. आता प्रश्न, लावायचं काय?

मी माझ्या पद्धतीने गेले. वही घेतली. २०१९ मध्ये ट्रायचा नियम बदलला तेव्हापासून आपल्याला वाहिन्या निवडून घेता येतात. तेव्हा पहिल्या १०० वाहिन्यांचे १३० रुपये आणि कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि सशुल्क वाहिन्यांचे वेगळे. बहुतेक घरांत कंपनीवाला देईल तो गठ्ठा घेतात. मी एकेक नाव लिहून त्यापुढे गेल्या महिन्यात ती कोणी, किती वेळा पाहिली ते लिहिलं. आमच्या गठ्ठ्यातल्या पाऊणशे वाहिन्यांकडे महिनाभर कोणी फिरकलंही नव्हतं. गुन्ह्यांच्या कथा दाखवणाऱ्या काढल्या, हे थोडे कुरकुरले. गप्पा मारता मारता भांडणाऱ्या बातम्यांची एकच ठेवली. बिल उतरलं, पण त्याहून मोठा फायदा म्हणजे रिमोटने पुढे-मागे करताना नको ते समोर येणं कमी झालं.

जाहिरातींचं मात्र काही करता येत नाही. नियम असा की तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती नकोत, १० मालाच्या आणि २ वाहिनीच्या स्वतःच्या. म्हणजे उरतात ४८ मिनिटं. हिशेब लिहिताना माझा हात थांबला. बरोबर एक सामायिक! मी हे बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग बारा मिनिटं नवकार म्हणायचे." एका रात्री मी घड्याळ घेऊन मोजलं तर एका वाहिनीवर १५ भरली. बाईंचे तेवढे नवकार जास्त झाले.

जाहिरातींतलं काय खुपतं यावरही घरात एकमत नाही. सॅनिटरी पॅडची जाहिरात आली की हे उठून पाणी प्यायला जायचे, आणि चौविहारात पाणी कुठलं! मी सांगितलं, बसा. नात चौदा वर्षांची आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही, उलट तिच्या बापाने आणि आजोबाने उठून जाणंच तिला लाजिरवाणं वाटेल. आता बसतात. मला खटकते ती वेलचीची जाहिरात. मोठमोठे नट वेलची विकतात आणि नाव असतं गुटख्याचं. नातवाने एकदा विचारलं, "आजी, वेलचीसाठी एवढे पैसे देतात?" त्याला खरं काय ते सांगितलं. आणि मसाल्याच्या जाहिरातीत कोंबडीचा रस्सा उकळू लागला की बाई डोळे मिटतात. त्यासाठी नातवाला नेमलं आहे. तो आवाज बंद करतो आणि ताटलीएवढं पुठ्ठ्याचं गोल बाईंसमोर धरतो. हे त्याने स्वतःच शोधलं. पुठ्ठ्यावर त्याने चंद्र काढला आहे.

प्राण्यांच्या कार्यक्रमांचंही असंच. नातवाला ते जीव की प्राण. नवेगाव बांध आपल्या तालुक्यात, सारस पक्षी आपल्या जिल्ह्यात, तेव्हा पाखरं, तळी, हत्तींचे कळप हे सगळ्यांना आवडतं. पण हरणामागे चित्ता लागला की बाई व्याकूळ होतात. "सुटलं काय?" विचारत राहतात. नातू आधी एकटा पाहून घेतो आणि मग सांगतो, "मोठ्या आजी, आज सुटतं" किंवा "आज डोळे मिटा." कार्यक्रम बंद करण्यापेक्षा मला हे बरं वाटलं. जंगलात काय होतं ते पोरांना कळायलाच पाहिजे.

ओटीटीबद्दल मैत्रिणी विचारतात. २०२१ च्या नियमांनुसार त्यावर वयाची खूण असते: यू, मग ७, १३ आणि १६ वर्षांवरील, आणि शेवटी ए. १३ आणि त्यावरच्या खुणेला कुलूप लावायची सोय देणं त्यांना बंधनकारक आहे. सेटिंगमध्ये जाऊन चार आकडे टाकायचे असतात, अवघड नाही, सूनबाईने पाच मिनिटांत केलं. फक्त आकडे पोरांच्या जन्मतारखेचे ठेवू नका. आणि खूण म्हणजे सगळं नाही हे लक्षात ठेवा. ७ वर्षांच्या खुणेचं एक कार्टून आम्ही लावलं तर त्यात जाड मुलाला सगळे अर्धा तास हसत होते. नात म्हणाली, हे नको.

मग काय टिकलं? 'कौन बनेगा करोडपती' टिकलं. ते सुरू झालं ३ जुलै २००० ला, तेव्हापासून हे घरात उत्तरं देतात आणि बहुतेक चुकतात. २०१९ चा एक भाग मी आता पोरांना शोधून दाखवला. अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या, महिन्याला १५०० रुपये मिळवणाऱ्या, त्यांनी एक कोटी जिंकले. आपल्या विदर्भातली बाई, आपल्यासारखंच बोलणारी. पैसे मिळाले तर काय घ्याल, तर म्हणे एक मोबाइल, घरात सगळ्यांत मिळून एकच होता म्हणून. सूनबाईने तो भाग पाहून आतून जुनी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं काढली. लग्नाआधी तिने तलाठ्याची परीक्षा दिली होती, हे मला त्या रात्री कळलं. आता ती नातीसोबत रोज वीस प्रश्न सोडवते. 'तारक मेहता' नातवासाठी चालतं. त्यातले जेठालाल गुजराती दुकानदार, त्यामुळे ह्यांना दुकानातल्या गमती आठवतात आणि भाग राहतो बाजूला.

'मालगुडी डेज' जुनं काढून लावलं. मला वाटलं होतं पोरं कंटाळतील, इतकं सावकाश. स्वामी शाळेत कसा घाबरतो ते पाहून नातवाने आपल्या वर्गातली एक गोष्ट सांगितली, जी त्याने आईलाही सांगितली नव्हती. पुढे त्याबद्दल शाळेत जाऊन बोलावं लागलं. ते असो.

एक दिवस असा होता की काही शोधावं लागलं नाही. १८ फेब्रुवारी २०२४. डोंगरगडला चंद्रगिरीवर आचार्य विद्यासागरजींची समाधी झाली. आम्ही स्थानकवासी, ते दिगंबर आचार्य, पण त्या दिवशी असा विचार कोणाच्या मनात आला नाही. डोंगरगड आपल्याला लांब नाही, गोंदियाच्या पुढे. आपल्याकडचे कितीजण पहाटे कळताच निघाले. बाईंना प्रवास शक्य नव्हता. सकाळपासून टीव्ही लावला, सगळे जमिनीवर बसलो. तीन दिवसांचा उपवास, मौन, आचार्यपद आधीच सोडलेलं. नातू तेव्हा दुसरीत. त्याने विचारलं, "त्यांना डॉक्टरकडे का नाही नेलं?" मुलगा त्याला गप्प करणार होता. बाईंनी हात वर केला. मग त्यांनी त्याला संथारा म्हणजे काय ते सांगितलं. शरीर म्हणजे भाड्याचं घर, मालकाने मागायच्या आत आपणच झाडून-पुसून किल्ली द्यायची. "मलेही असं जाता आलं पाहिजे," त्या म्हणाल्या. खोलीत सगळे स्तब्ध. नातवाने फक्त एवढंच विचारलं, "आज नाही ना?" बाई म्हणाल्या, "आज नाही." आम्ही एरवी हे बोलणं कधीच काढलं नसतं. पुढे मालिकेतल्या त्या जिन्यावरच्या म्हातारीने बाईंना उठवलं तेव्हा मला हाच दिवस आठवला होता. मरण पाहायला त्या घाबरत नाहीत. मरणाचा तमाशा त्यांना नको होता.

आणि क्रिकेट. यात माझा काही हात नाही, ते नातीचं. २ नोव्हेंबर २०२५, रविवार, महिलांच्या विश्वचषकाची अंतिम लढत, नवी मुंबईला. पावसामुळे सामना पाचला सुरू झाला, म्हणजे आमच्या जेवणाच्या ऐन वेळी. सगळ्यांनी पटापट जेवून साडेपाचला पानं उचलली. बाईंना क्रिकेट कळत नाही. चौकार म्हणजे काय इथपासून नात सांगत होती. प्रतिक्रमणाला त्या आत गेल्या तेव्हा शफाली वर्मा ८७ करून गेली होती, परत येऊन पहिलं विचारलं, "ती आडदांड पोरगी आहे का गेली?" भारताच्या २९८ झाल्या. दीप्ती शर्माने पाच बळी घेतले. हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला तेव्हा बारा वाजून गेले होते आणि ५२ धावांनी जिंकलो होतो. चातुर्मासाचे शेवटचे दिवस, पहाटे उठायचं होतं, तरी बाई बसून होत्या. त्यांनी नातीला विचारलं, "या पोरींच्या सासूबाई येऊ देतात काय खेळायला?" सूनबाई इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी लगोरी मी लय छान खेळत होती." हे ह्यांनाही माहीत नव्हतं, ८६ वर्षांच्या आईबद्दल.

आता नातीची दहावी येते आहे. मुलाचं म्हणणं, वर्षभर टीव्ही बंद. नात म्हणते, आठ ते नऊ चालू ठेवा, तेवढाच वेळ मी खोलीबाहेर येते. ह्यांनी अजून निकाल दिलेला नाही. बाईंनी मात्र आपल्या खुर्चीला नवी गादी शिवून घेतली आहे.

तुमच्याकडे सगळे मिळून काय पाहता, ते मंडळात भेटाल तेव्हा नक्की सांगा. जुनं चालेल, सावकाश चालेल, कोणत्याही भाषेतलं चालेल. फक्त नऊच्या आत संपणारं पाहिजे, आणि त्यात जिना असेल तर आधी सांगा.